पाच किलोमीटर आणि दोन घटका



कारंजा म्हटलं की आपल्या बायका लगेच विचारतात, "म्हणजे भट्टारकांच्या गाद्या होत्या ते? गुरुकुलाचं?" नाही बाई, ते कारंजा लाड, वाशिम जिल्ह्यातलं. आमचं घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती हायवेवरचं. इथे संत्र्यांचे ट्रक जास्त, आपली घरं मोजकी. म्हणून जानेवारीत इथे पाच किलोमीटरची दौड झाली, तेव्हा तिच्यात पळणारी आपल्यातली मी एकटीच होते.

पळायला लागले ते मुक्तागिरीमुळे. तिथली 52 मंदिरं करताना मला दर वळणावर बसावं लागलं आणि सत्तरीच्या सासूबाई वर पोचून माझी वाट पाहत होत्या. वय माझं 43! 2 एप्रिल 2023 ला जितोच्या महिला विभागाने कितीतरी शहरांत एकाच दिवशी अहिंसा रन घेतली होती. तिचे नणंदेने पाठवलेले फोटो मोबाईलमध्ये होतेच. ते पुन्हा काढून पाहिले आणि बूट आणले.

घरात प्रश्न बुटांचा नव्हता, साडीऐवजी पंजाबी ड्रेसचाही नव्हता. प्रश्न होता खाली पाहण्याचा. चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचं हे आपण लहानपणापासून ऐकतो. ईर्यासमिती मुनींची, हे खरं. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग, आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही. पण पळणं हा आरंभ म्हणायचा की हौस? मी बराच विचार केला. शेवटी ठरवलं, उजाडल्याशिवाय पळायचं नाही, दवाच्या गवतातून नाही, डांबरी रस्त्यावरूनच, आणि पावसाळ्यात बंद. वेग कमी राहतो, राहू दे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "धावतेस तर धाव, पण पाहून धाव."

दुसरी गोष्ट पाण्याची. सूर्यास्तापासून सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, पाणी घ्यायचं नाही हा माझा नियम. जानेवारीत आमच्याकडे सूर्य 6.55 च्या सुमारास उगवतो, म्हणजे पावणेआठपर्यंत थांबणं आलं. दौड पावणेसातला होती, सुटली सातला. पाहुणे उशिरा आले, दुसरं काय! माझ्या ते पथ्यावरच पडलं, तोवर चांगलं उजाडलं. डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. थंडीत पाच किलोमीटरला हरकत नाही म्हणाले, चक्कर वाटली तर लगेच थांबायचं. उन्हाळ्यात किंवा दहा किलोमीटरला मी असं करणार नाही, तुम्हीही करू नका.

सुरुवातीला शाळेची पोरं बाणासारखी सुटली. मी सगळ्यांत मागे. दोन्ही बाजूंना मृग बहाराची संत्री पिवळी होत आलेली, मध्येच तुरीचं शेत. अर्ध्यावर वळायच्या जागी एका पोरीने पाण्याचा ग्लास पुढे केला. घसा कोरडा होता, हात पुढे गेलाही. तो हात मी जोडला आणि वळले. ती बिचारी ओरडली, "काकू, घ्या ना, फुकट आहे!" हसू आलं आणि हसण्यात धाप लागली. मग एक किलोमीटर चालतच गेले.

चौथ्या किलोमीटरला शिखरजी आठवलं. सासूबाईंनी 27 किलोमीटरची ती वंदना अनवाणी केलीय, पाण्याचा थेंब न घेता. अर्धी मॅरेथॉनसुद्धा 21 चीच असते. त्यांना कोणी पदक दिलं नाही, नंबर छातीला लावला नाही. ते आठवलं आणि पुन्हा पळायला लागले.

42 मिनिटं लागली. माझ्यामागे दोघंच होते, त्यातले एक रिटायर्ड गुरुजी. शेवटी तर्री-पोहे होते, कांदा-बटाट्याचे, म्हणजे आपल्या कामाचे नाहीत. एक संत्रं घेतलं आणि ओढणीच्या टोकात बांधून ठेवलं.

सासूबाई कडेला उभ्या होत्या, हातात स्टीलचा तांब्या. घरून गाळून, उकळून, निववून आणलेलं पाणी. मी हात पुढे केला तर त्यांनी तांब्या मागे घेतला, घड्याळाकडे पाहिलं.

"अजून एक मिनिट आहे, बस."

बसले. गुरुजींनी विचारलं, काय झालं, पाणी का देत नाही? आईंनी त्यांना दोन घटकांचं गणित समजावून सांगायला सुरुवात केली, आणि ते संपेपर्यंत चांगली पाच मिनिटं गेली.