काचेच्या पेटीतले पाणी

लेकीने हट्ट धरला म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही बाजारातून काचेचे भांडे आणि दोन सोनेरी मासे आणले. आठवड्याने पाणी गढूळ दिसू लागले. रविवारची सुट्टी होती. आम्ही भांडे घासून लख्ख केले, जुने पाणी मोरीत ओतले आणि थेट नळाचे भरले. संध्याकाळी दोन्ही मासे उलटे तरंगत होते. लेक एवढेच म्हणाली, "पप्पा, तुम्ही काय केलंत?" बी.कॉम. झालेल्या माणसाजवळ उत्तर नव्हते.

उत्तर मासेवाल्याने दिले. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असते, त्याने माशांचे कल्ले भाजतात. पाणी निदान एक दिवस उघडे ठेवावे आणि सगळे एकदम बदलू नये.

कचेरीत हे सांगितले तर एक सहकारी हसले. "हे श्रीमंतांचे शौक, आपल्याला कशाला?" ते बोलणे मनाला लागले. लहानपणी आम्हीही वडिलांचे बोट धरून चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. ते १९५१ साली सुरू झाले. तिथे काचेला नाक लावून उभी असलेली पोरे काही बंगल्यांतली नव्हती. म्हणून ही काचेची पेटी आली तरी कुठून, ते शोधायला आम्ही वाचनालयात बसलो.

वाचक बंधू-भगिनींनो, समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेची पेटी तयार केली ती जान व्हिलप्रो या फ्रेंच बाईने. तिचा जन्म १७९४ सालचा. वडील जोडे शिवणारे, आई शिवणकाम करणारी. अठराव्या वर्षी चारशेहून अधिक किलोमीटर तुडवून ती पॅरिसला गेली आणि कपडे शिवू लागली. १८१६ साली एका राजकन्येचा लग्नाचा पोशाख तिच्या हातून झाला. पुढे पॉवर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना बंदरात राहिली.

तिथे तिला अर्गोनॉट भेटला. हा ऑक्टोपसचा भाऊबंद, पण याची मादी कागदासारख्या पातळ शंखात राहते. हा शंख तिचा स्वतःचा की दुसऱ्याचा बळकावलेला, यावर विद्वानांचा वाद चालला होता. बाईने वाद घातला नाही. १८३२ साली काचेची पेटी केली, समुद्राच्या पाण्यात जिवंत अर्गोनॉट ठेवले आणि बघत बसली. शंखाचा तुकडा मोडला की तो जीव स्वतःच भोक बुजवतो, हे तिने डोळ्यांनी पाहिले. शंख त्याचाच! सुईत दोरा ओवणाऱ्या डोळ्यांना बघत बसण्याची सवय असते, असे आम्हाला वाटते. पुढे जहाज बुडून तिचे बरेचसे संग्रह आणि कागद समुद्रात गेले. रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने मात्र तिचे श्रेय तिला दिले.

१८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी बराच काळ टिकते हे दाखवले. वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कुजकी पाने खातात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले.

पण त्याआधीची, १८४६ सालची एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. लंडनच्या ॲना थिन या धर्मगुरूच्या पत्नीने घरात जिवंत पोवळी ठेवली होती. समुद्राचे ताजे पाणी रोज कोण आणणार? मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. एका वेळी अर्धा-पाऊण तास. हे काम बाईसाहेबांची मोलकरीण करी. पोवळी जगली ती तिच्या हातांवर.

ही गोष्ट आम्ही घरी सांगितली. आता आमच्याकडे चार मासे आहेत, लहानसा पंप आहे. परवा रात्री वीज गेली. पंप थांबताच लेक उठली, मेणबत्तीच्या उजेडात पेल्याने पाणी उचलून वरून सोडू लागली. तिची आई दोनदा म्हणाली, "पुरे गं, झोप आता." थोड्या वेळाने तिचा हात दुखला तसा पेला आम्ही घेतला.