रिम इंचभर, रबर अर्धा इंच

टायरच्या अंगावर कोरलेलं असतं : १९५/६५ आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, रिम १५ इंची. मधला ६५ हा मात्र टक्का. साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२७ मिमी. हेच प्रोफाइल.

•

त्याच गाडीला १७ इंची अलॉय हवे असतील तर टायर बसतो २२५/४५ आर १७. कागदावर हिशेब मांडला : पहिल्याचा एकूण व्यास ६३४.५ मिमी, दुसऱ्याचा ६३४.३. चाक तेवढंच, स्पीडोमीटरही बिघडत नाही. साइडवॉल मात्र १२७ वरून १०१ वर. रिम दोन इंचांनी वाढली ती वरून एक इंच, खालून एक इंच रबर खाऊन.

•

आंबोली घाटात या टायरची मजा कळते, नाकारण्यात अर्थ नाही. उंच साइडवॉल वळणावर आडवी लवते. आधी रिम वळते, जमिनीला टेकलेलं रबर जरा मागून येतं. बुटकी साइडवॉल स्टेअरिंगचं लगेच ऐकते. पण झिजलेले टायर काढून नवे रुंद टायर घातल्यावर गाडी रस्त्याला धरून चालते, त्याचं श्रेय लोक रिमच्या इंचांना देतात. बरंचसं ते नव्या रबराचं.

•

फॉर्म्युला वनमध्ये २०२१ पर्यंत १३ इंची रिम होत्या, २०२२ पासून १८ इंची. जुन्या गुबगुबीत टायरची साइडवॉल सस्पेन्शनचं बरंच काम स्वतःच करायची. आपल्या गाडीतही ती पहिली स्प्रिंग. ती छाटली की धक्के शॉक अब्झॉर्बरकडे, तिथून पाठीकडे.

•

पावसाळा. पाण्याखालचा खड्डा, त्याची धारदार कड. ती कड आणि रिम यांच्यात रबर चिमटतं, आतले दोरे तुटतात, बाजूला फुगा येतो. फुग्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही; टायर बदलायचाच. अलॉयला तडा गेला तर तो खर्च वेगळा. काही जण गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवतात. लो-प्रोफाइलवर हा शुद्ध वेडेपणा.

•

मोठं चाक वाईट नव्हे. बाहेरचा व्यास मोठा असला की चाक खड्ड्यात कमी उतरतं. नॅनोचं पुढचं चाक १३५/७० आर १२, उंची जेमतेम ४९४ मिमी. प्रत्येक खड्डा तिला मोठाच. अ‍ॅम्बेसेडरला १५ इंची रिम होती आणि तिच्यावर भरपूर रबरही. तिच्या मागच्या सीटचं कौतुक करणाऱ्यांनी चाकांकडेही बघायला हवं होतं.

•

अलॉयचा हट्टच असेल तर कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला दिलेला आकार घ्या. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टमध्ये खाली १६५/८० आर १४, वर १८५/६५ आर १५. एकूण व्यासात दोन मिमीचा फरक, साइडवॉल १३२ ऐवजी १२०. आपल्या रस्त्यांवर एवढं पुरे. त्यापुढे दुकानदार कितीही आग्रह करो, जाऊ नका. आणि नव्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याच्या क्षमतेचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा.