लालापेट ते मुलकनूर

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हैदराबाद परगाव वाटत नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बदल्यांचे हुकूम तिथूनच सुटायचे आणि मोठ्या खटल्यांच्या तारखाही तिथेच पडायच्या. अजूनही नांदेड-परभणीकडून येणारा माणूस काचीगुड्याला उतरला की निम्मा घरी आल्यासारखा चालतो. निजामाच्या रेल्वेचं हे 1916 सालचं घुमटदार स्टेशन. तिथून नारायणगुडा जवळच आहे. दिवाळीनंतर इथे यादव समाजाचा ‘सदर’ भरतो. तेल चोळून चकचकीत केलेले, हार घातलेले रेडे वाजतगाजत मिरवतात, नाचतात, मागच्या पायांवर उभे राहतात. अलीकडे त्यासाठी हरयाणातून मुऱ्हा रेडे आणतात. शहर माहिती-तंत्रज्ञानाचं झालं म्हणतात, पण वर्षातून एकदा भररस्त्यात रेड्यालाच मान मिळतो, हे मला फार आवडतं.

चहाचं गणितही म्हशीवरच चालतं. चारमिनारजवळच्या इराणी हॉटेलात चहाचा अर्क एका भांड्यात मुरतो, दूध दुसऱ्या भांड्यात मंद आचेवर आटत राहतं आणि दोघांची गाठ कपातच पडते. पातळ दुधाला हे जमत नाही. हे दूध येतं कुठून, ते बघायलाच मी निघालो होतो.

सकाळी किराणा दुकानात पिशवी मागितली तर दुकानदाराने विचारलं, “कौनसा विजया?” आंध्र-तेलंगणाची वाटणी झाली, पण ‘विजया’ हे नाव दोन्हीकडे राहिलं. विजयवाड्याकडच्या कृष्णा जिल्हा दूध संघाची ‘विजया’ इथे मिळते आणि तेलंगणा महासंघाची ‘विजया तेलंगणा’ही. ग्राहक पिशवीचा रंग बघून घेतो.

तेलंगणा महासंघाचं मूळ लालापेटला, तार्नाक्याच्या अलीकडे, रेल्वे कारखान्याच्या शेजारभागात. 1974 मध्ये आंध्र प्रदेश दुग्धविकास महामंडळ निघालं, 1981 मध्ये त्याचा सहकारी महासंघ झाला. आणंदच्या धर्तीवर गावात संस्था, जिल्ह्यात संघ आणि राज्यात महासंघ अशी उतरंड रचली. पण आणंदला गुजराती शेतकऱ्याने आधी भांडण केलं, मग डेअरी उभी राहिली. इथे डेअरी आधी आली आणि शेतकऱ्याला सभासद करून घेतलं गेलं. महासंघाचा कारभार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्याच सहीने चालत राहिला. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

1991 नंतर दूधधंद्याचं दार खाजगी कंपन्यांना उघडलं, आणि हैदराबादच्या आसपास त्यांची रांगच लागली. हेरिटेज 1992 ची, दोडला 1995 ची. तिरुमला डेअरी तर 2014 मध्ये लॅक्टॅलिस या फ्रेंच कंपनीने विकत घेतली. सहकाराने सरकारकडे धाव घेतली. त्याच 2014 मध्ये, राज्य नवं असताना, तेलंगणा सरकारने ‘विजया’ला दूध घालणाऱ्यांना लिटरमागे 4 रुपये प्रोत्साहन जाहीर केलं. पुढे इतर सहकारी संघांच्या शेतकऱ्यांनाही ते लागू झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये रावीर्यालला रोज 5 लाख लिटरहून जास्त दूध हाताळू शकेल असा नवा प्रकल्प उघडला. यंत्रं उत्तमच असणार. पण कारखान्याची क्षमता वाढली म्हणून गोठ्यातली म्हैस एक थेंबही जास्त देत नाही.

गोठा बघायला सिकंदराबादच्या जुबिली बसस्थानकातून सिद्दिपेटमार्गे हुस्नाबादकडे निघालो. दोन्ही बाजूंना भातच भात. तेलंगणात पाणी आलं, ज्वारी मागे हटली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. जनावरांसमोर उरला भाताचा पेंढा. पोट भरतो, पण त्यात प्रथिनं नावालाच. मग कसर पेंडीने भरून काढायची, आणि पेंड विकतची. दुधाच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा असतो, त्यामुळे वैरणीचं पीक बदललं की लिटरचा हिशेबही बदलतो. आपल्या लातूरकडची देवणी गाय याच निजामी मुलखात नावारूपाला आली ती काळ्या रानातल्या कडब्यावर. बालंक्या, वानेरा, शेवेरा हे तिचे प्रकार आजही उदगीरच्या बाजारात लोक लांबून ओळखतात.

हुस्नाबादकडचं मुलकनूर हे साधं गाव. 1956 मध्ये ए. के. विश्वनाथ रेड्डी यांनी इथे सहकारी पतपुरवठा संस्था उभी केली. पुढे आसपासच्या गावांतल्या बायकांनी बचत संस्था चालवल्या. त्या पैशांतून आणि त्या सवयीतून 2002 मध्ये बायकांची स्वतःची डेअरी सुरू झाली. दुधाच्या पिशवीवर नाव ‘स्वकृषी’. सभासद बायकाच, संचालक बायकाच. ही डेअरी 1995 च्या आंध्रच्या परस्पर सहाय्य सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे. त्या कायद्यात सरकारचं भागभांडवल नाही आणि सरकार संचालक मंडळ नेमत नाही. उलट सर्वसाधारण सभा वेळेवर घेतली नाही तर संचालकांचीच खुर्ची जाते. आमच्याकडच्या चेअरमन मंडळींना हे कलम वाचून दाखवावं असं फार वाटलं.

गावातल्या केंद्रावर संध्याकाळी बायका किटल्या घेऊन येत होत्या. यंत्रात नमुना, पडद्यावर फॅटचा आकडा, लगेच पावती. एका बाईच्या दोन म्हशी, एक दुभती, दुसरी भाकड. मी दुभतीचं दूध विचारत होतो, ती मला भाकडीचा खर्च सांगत होती. आणि खरं गणित तिचंच. म्हैस दोन वेतांमध्ये जितके दिवस जास्त भाकड राहील, तितके दिवस दुभतीने दोघींचं खायचं भागवायचं. कागदावर दिवसाला दहा लिटर देणारी म्हैस वर्षभराच्या हिशेबात सहा लिटरवाल्या म्हशीपेक्षा तोट्याची ठरू शकते. म्हणून वेळेवर माजावर येणं, वेळेवर रेतन आणि खनिज मिश्रणाची चिमूट यांची चौकशी तिने लिटरच्या आधी केली होती. डॉक्टर कधी येतो, रेतन कितव्यांदा लागलं, सगळं तोंडपाठ.

मग तिने मला विचारलं, तुमच्याकडे डेअरी आहे का? मी उदगीरच्या शासकीय दूध भुकटी प्रकल्पाचं सांगितलं. केवढा मोठा होता, आता कित्येक वर्षं बंद आहे.

“मालक कोण होतं?” दुभाषी पोराने तिचा प्रश्न हिंदीत पोचवला.

“सरकार.”

पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही. रांगेतल्या दुसऱ्या बाईची किटली आली होती. ती बाजूला सरकली आणि पावतीवरचा फॅट पुन्हा एकदा वाचू लागली.