रबर की पीयू : एक बुशपुराण

गेल्या महिन्यात गाडीच्या पुढच्या लोअर आर्मचे बुश गेले. नव्वद हजार किलोमीटर झालेत, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. आमच्या कंपनीचं चाकणच्या एका कारखान्यात काम चालू आहे, म्हणून आठवड्यातून तीनदा निगडी ते चाकण. कधी तळवडे-महाळुंगे करून, कधी मोशीवरून. ट्रेलरच्या मागे रांगत तळेगाव चौक गाठायचा, आणि तो ट्रेलर बाजूला झाला की त्याने इतका वेळ झाकून ठेवलेला खड्डा थेट आपल्या चाकाखाली. हा रस्ता ज्यांच्या रोजच्या वाट्याला आहे त्यांना बाकी सांगायला नको.

ज्यांना गाडी म्हणजे फक्त चार चाकं आणि एसी, त्यांच्यासाठी थोडक्यात: चाकाला धरून ठेवणारा आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात, तिथे लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून एक गोल तुकडा असतो. आत नळी, बाहेर नळी, मध्ये रबर. तो बुश. खिशाला फार मोठा नाही, पण गेला की खडखडाट सुरू, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर आतून खाल्ले जातात.

आता बुश बदलायचेच तर मूळ रबराचे घालायचे की पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे? मित्रमंडळींत गाडीवेडे चार, आणि चौघंही पीयूवाले. "एकदा घाल, स्टिअरिंग कसं काटेकोर होतं बघ!" मीही मेकॅनिकल करून आयटीत आलेला (पुण्यात हे सांगायलासुद्धा नको, निम्मं हिंजवडी तसंच आहे), त्यामुळे हात शिवशिवत होतेच. शनिवार-रविवार ताम्हिणी घाट असतो, आणि वळणावर गाडीचं नाक जरा उशिराने वळतं हे मला खुपतं.

पण आमच्या घरात रबराविषयी कोणीही काहीही बोलू शकत नाही. बाबा तीस वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये रबर मोल्डिंगला होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. बसायला चालतं, दणके चालत नाहीत. दर महिन्याला फॉलोअपला पुण्यात नेतो, ते याच गाडीतून. म्हणजे माझं स्टिअरिंग एका पारड्यात आणि त्यांची पाठ दुसऱ्या. मी विषय काढला तर म्हणाले, "माझ्या पाठीसाठी म्हणून रबर घालणार असशील तर घालू नकोस. रबर बरं आहे म्हणून घाल. आधी नीट समजून घे."

मग तासभर शिकवणी झाली. कंपनीच्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा भारी.

रबराचा बुश सरकत नाही, पिळला जातो. आतली नळी बोल्टने आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली आणि रबर दोन्हींना चिकटलेलं. आर्म वर-खाली झाला की रबर स्वतः पीळ खातं आणि परत येतं. कुठे घासत नाही, म्हणून ग्रीस नको आणि आवाजही नाही. ते चिकटवणं हेच खरं काम. नळी ब्लास्ट करायची, फॉस्फेटिंग करायचं, बाँडिंगचे दोन थर द्यायचे, मग साच्यात दीडशे अंशांच्या आसपास गंधक घातलेलं रबर शिजवायचं. (गंधक आणि उष्णतेचा हा फंडा गुडइयरला १८३९ मध्ये सापडला. पॉलियुरेथेन मात्र जर्मनीत ऑटो बायरच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्ये आलं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी धाकटं.) आणि तपासणी कशी? तुकडा ओढून तोडायचा. रबर फाटलं तर माल पास. रबर निघून धातू उघडा पडला तर नापास.

बाजारात मिळणारा पीयूचा बुश बहुतेक वेळा चिकटवलेला नसतो, तो नळीवर फिरतो. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि ते धुऊन गेलं की पावसाळ्यात गाडी कुरकुरायला लागते. कडकपणातही फरक आहे. शोअर ए मापावर सस्पेंशनचं रबर साधारण ५० ते ७०, तर पीयू बहुधा ८० ते ९५. कडक म्हणजे ब्रेक दाबताना आर्म कमी हलतो, चाकाचा कोन टिकतो, स्टिअरिंग काटेकोर वाटतं. मित्र खोटं बोलत नाहीत. फक्त एक गोष्ट ते सांगत नाहीत: त्यांनी नव्या पीयूची तुलना ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या फाटक्या रबराशी केली. नवीन रबर घातलं असतं तरी त्यातला बराचसा फरक जाणवलाच असता.

मला पटलेला मुद्दा वेगळाच. बऱ्याच गाड्यांत आर्मच्या मागच्या बुशमध्ये मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात. आडव्या दिशेला तो कडक, पण पुढे-मागे मऊ. चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की ते किंचित मागे सरकून धक्का खातं. तिथे भरीव पीयू घातलं की ती सोय संपली. खड्डा कोणीतरी गिळायलाच हवा. बुशने नाही गिळला तर आर्म, सबफ्रेम आणि शेवटी मागच्या सीटवरचा माणूस.

रेसिंगसाठी पीयू उत्तमच. जुन्या, रबर मिळेनासं झालेल्या गाड्यांसाठीही, कारण थोड्या नगांसाठी ते ओतून बनवणं सोपं पडतं. पण चाकणच्या रस्त्याला? मी आर्मला रबर घेतलं आणि अँटी-रोल बारच्या बुशला पीयू. तिथे बार नुसता फिरतो, खाचाबिचांचा प्रश्नच नाही, आणि घाटात गाडी जरा ताठ राहते. सहा महिन्यांनी ग्रीस भरायचं, इतकी हौस परवडते.

गॅरेजमध्ये बाबा खुर्ची टाकून बसले होते. पोराने गाडी लिफ्टवर असतानाच बोल्ट आवळायला घेतला, तसे ओरडले, "थांब, आधी वजन येऊ दे!" चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि नवा बुश वेळेआधीच फाटतो. पीयू फिरतं, त्याला हा त्रास नाही. रबराला आहे. पोराने निमूटपणे चाकांखाली रॅम्प लावले आणि मग पान्याने आवळलं.

जुने बुश बाबांनी घरी आणले. हॅकसॉने एक उभा चिरला आणि मला दाखवला. रबराला मधोमध भेग गेली होती, नळीवर मात्र सगळीकडे काळा थर तसाच.

"बघ," म्हणाले, "बाँडिंग सुटलेलं नाही."

चारशे किलोमीटर झालेत. हजार झाले की पुन्हा अलाइनमेंट बघून घेणार आहे, रविवारी गर्दी नसली तर.