राजांनीच निवडलेला राजा!

मलेशियात राजा चक्क मतदानानं ठरतो, हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच! नऊ संस्थानांचे नऊ वंशपरंपरागत राजे एकत्र बसतात आणि आपल्यातल्याच एकाला पाच वर्षांसाठी देशाच्या गादीवर बसवतात. ज्याची पाळी, त्याचं एकट्याचं नाव मतपत्रिकेवर. नऊपैकी पाच मतं मिळायलाच हवीत. मतदान गुप्त. मतपत्रिकेवर क्रमांक नाही, पेन आणि शाई सगळ्यांना सारखीच आणि निकाल लागला की मतपत्रिका तिथल्या तिथं नष्ट! आपल्या हाउसिंग सोसायट्यांनी शिकावं असं काही. बरं, निवडून आलेल्या राजानं कारभार करायचा तो बहुतांशी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच. 2024 पासून या गादीवर जोहोरचे सुलतान इब्राहिम आहेत.

पण खरी गंमत पुढेच आहे. असलंच काहीतरी आपल्याकडेही होतं, आणि तेही मराठी घराण्यांचं! ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास ही संस्थानं एकत्र आली, आजूबाजूची लहानमोठी त्यांना मिळाली आणि 28 मे 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारत राज्याचं उद्घाटन झालं. त्याच्या करारनाम्यात राजांची परिषद होती. राज्याचे घटनात्मक प्रमुख, म्हणजे राजप्रमुख, झाले ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे आणि उपराजप्रमुख इंदूरचे यशवंतराव होळकर. पानिपतानंतर ज्या दोन घराण्यांचं एकमेकांशी धड पटलं नाही, ती एका करारनाम्यात! या दोघांची पदं मात्र तहहयात. तेवढ्यापुरती मलेशियाची पद्धत मला जास्त आवडते.

आणि आपलं नागपूर? इथल्या भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी 1854 मध्येच खालसा केलं, त्यामुळे राजांच्या कुठल्याही परिषदेत नागपूरची खुर्ची असणं शक्यच नव्हतं. पण राजे मात्र नागपुरात जमले! 15 डिसेंबर 1947 रोजी सरदार पटेलांनी छत्तीसगडच्या राजांना इथं गाठलं. बस्तर, सरगुजा, रायगड, नांदगाव अशी ही 14 संस्थानं. त्यांचा ना संघ झाला, ना राजप्रमुख. राजांनी सह्या केल्या आणि 1 जानेवारी 1948 पासून ती मध्य प्रांतात आलीसुद्धा.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राजप्रमुखपद देशभरातून गेलं. त्याच दिवशी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला, नागपूरची राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. एकाच तारखेला तिकडे राजप्रमुख गेले, इकडे आपली राजधानी! त्यानंतर दहाच महिन्यांनी, 31 ऑगस्ट 1957 रोजी, मलाया, म्हणजे मलेशियाचा पूर्वावतार, स्वतंत्र झाला तो राजांनी निवडलेला राजा घेऊनच. त्यांच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या आयोगात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक होते, हे कळल्यावर तर मी टाळीच वाजवली.

व्ही. पी. मेनन यांचं संस्थानांच्या विलीनीकरणावरचं पुस्तक वाचनालयात मिळालं, तर ओरिसा-छत्तीसगडचं प्रकरण आधी काढा. नागपूरकरांनी तर काढाच!