मागची सफ

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांनी, अब्बांनी, मशिदीत पहिल्या सफेत उभं राहणं सोडलं. मला हे कळलं धाकट्या मुलाकडून. जुम्याहून आल्यावर जेवता जेवता तो सहज बोलून गेला, "अब्बा हल्ली अगदी मागे उभे राहतात, दारापाशी." मी विचारलं तर अब्बा म्हणाले, "तिथं हवा छान लागते, बेटा." गुडघे दुखत असतील असं समजून मी विषय सोडून दिला.

अब्बांचं वय ७४. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून कल्याणला आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत पहिल्या सफेतली त्यांची जागा ठरलेली. मला शंका आली ती अत्तरावरून. बकरी ईदला आणलेली कुपी एरवी बारावफातीपर्यंत पुरते. या वेळी मोहरमचा चांद दिसायच्या आत ती रिकामी झाली. मग एका सकाळी फजरनंतर मोरीत पाण्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर अब्बा स्टुलावर बसून स्वतःचा कुर्ता साबणाच्या वडीने घासत होते. तोच कुर्ता आदल्या दिवशी मी मशीनमध्ये धुतला होता.

मला पाहून ते ओशाळले. "मशीनच्या कपड्यांना वास येतो गं. घाम आला की जास्तच. बाजूचा माणूस सजद्यातून उठला की रुमाल नाकाशी न्यायचा. तुझं मन दुखेल म्हणून बोललो नाही."

मन दुखलंच. खरं सांगते, आधी रागच आला. पाकीच्या बाबतीत मी कधी हयगय केलेली नाही. कपड्याला काही नापाक लागलं असेल तर तो आधी वेगळा, नळाखाली हाताने धुवायचा आणि मगच मशीनमध्ये टाकायचा, ही अम्मीची शिकवण. वर मशीनला एक खळबळणी जास्तीची लावते. मग वास कुठला? मी कुर्ता नाकाशी धरला. मला काहीच आलं नाही.

माझं माहेर डोंबिवलीचं. एमआयडीसीच्या रसायनांचा वास घेत वाढलेल्या माझ्या नाकावर मला एवढा भरवसा ठेवायला नको होता. शिवाय रोजच्या वासाची नाकाला सवय होते, मग तो जाणवेनासा होतो. म्हणून रविवारी नणंदेकडे ठाण्याला, राबोडीला जाताना एक धुतलेला, वाळलेला कुर्ता पिशवीत घालून नेला. तिच्या मोरीत पाण्याचे चार शिंतोडे मारले आणि तिच्या हातात दिला. तिने तोंड फिरवलं. "भाभी, हे काय, फरशीचं फडकं आहे का?"

घरी येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मशीनकडे, कपडे धुण्यासाठी नाही, तर नीट पाहण्यासाठी बसले. पुढून दार उघडणारं, सहा वर्षांचं मशीन. दाराभोवतीच्या राखाडी रबराची घडी बोटांनी ओढली, तर आत काळे ठिपके, केस, मऊ झालेला कागद आणि बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर. साबणाचा खण ओढून पूर्ण बाहेर काढला. तो निघतो हेही मला ठाऊक नव्हतं. त्याच्या मागच्या पोकळीत बुरशी. खाली उजव्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर. खाली परात ठेवून तो फिरवला. आधी काळं पाणी आलं, मग दोन नाणी, एक हेअरपिन आणि अब्बांच्या तुटलेल्या तसबीहचे तीन मणी. तो वास मात्र मलाही आला.

मुंब्र्याहून दुरुस्तीवाले भाई आले. त्यांनी मशीन उघडण्याआधी मलाच प्रश्न विचारले. साबण किती घालता? भरपूर. पाणी गरम करता? नाही, वीजबिल. धुऊन झाल्यावर दार? बंद, कारण मशीन बोळात आहे आणि उघडं दार येता-जाता गुडघ्याला लागतं. कपडे कधी काढता? इशानंतर लावते, सकाळी काढते. "मग बरोबर आहे," ते म्हणाले.

जास्तीचा साबण आणि तो सुगंधी सॉफ्टनर पूर्ण निघत नाही. त्याचा चिकट थर आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या मध्ये, आपल्याला दिसत नाही तिथे बसतो. त्यावर कपड्यांचा मळ, अंगाचं तेल. थंड पाणी, बंद दार आणि कल्याणचा जुलै. जंतूंना आणखी काय हवं? उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी येतं. त्यात साबण नीट विरघळत नाही आणि क्षाराची पुटं चढतात ती वेगळीच.

कुंद कपड्यांच्या वासावर जपानमध्ये संशोधन झालं आहे. २०१२ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की हा वास मुख्यतः मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूमुळे येतो. धुऊन वाळवल्यावरही तो कपड्यात तग धरतो, उन्हालाही सहजी दाद देत नाही, आणि कपडा पुन्हा ओला झाला की कामाला लागतो. अब्बांचा कुर्ता घरी ठीक आणि मशिदीत घाम आल्यावर का वास मारायचा, ते मला तेव्हा कळलं.

सफाईला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी क्षार काढायची पावडर टाकून रिकामं मशीन सर्वात गरम पाण्यावर चालवलं. रबर जुन्या टूथब्रशने घासलं. दुसऱ्या दिवशी नुसतं गरम पाणी, तिसऱ्या दिवशी थोडं ब्लीच. बहिणींनो, एक गोष्ट लक्षात ठेवा: क्षार काढायची पावडर, व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा अ‍ॅसिड यांच्याबरोबर ब्लीच कधीही घालू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि छोट्याशा मोरीत तो जिवावर बेतू शकतो. मध्ये एकदा नुसत्या पाण्याने मशीन चालवायचंच. वरून उघडणाऱ्या मशीनलाही हा थर धरतो. तिथे धाग्यांची जाळी आधी बघा.

कपड्यांतले जंतू उरलेच होते. पांढरे सुती कुर्ते, टॉवेल, चादरी आता मी साठ अंशावर धुते, आणि त्यांना पावडर वापरते. द्रव साबणात सहसा ब्लीच नसतं, चांगल्या पावडरीत असतं. साबण निम्मा केला, सॉफ्टनर बंद. मशीन फजरनंतर लावते, म्हणजे कपडे लगेच वाळत घालता येतात. दार उघडंच असतं; गुडघ्याला लागतं, लागू दे. फिल्टर कधी काढायचा हे विसरायला व्हायचं, म्हणून तो चांदावर बांधून टाकला. नवा चांद दिसला की दुआ करायची आणि परात घेऊन बसायचं.

सगळं झाल्यावर एकदा मी अब्बांना विचारलं, इतके दिवस त्या कपड्यांत नमाज झाली की नाही? ते हसले. "कपडे पाक होते, नमाज झाली. कुंद वासाने कपडा नापाक होत नाही. पण कच्चा कांदा खाऊन मशिदीत येऊ नये असं आपल्याला शिकवलंय, ते कांदा नापाक आहे म्हणून नाही ना? शेजाऱ्याला त्रास होतो म्हणून." मी पाकीचा इतका हिशेब ठेवला आणि शेजारच्या माणसाचा कधी विचारच केला नव्हता.

बारावफातीला आणलेली अत्तराची कुपी अजून अर्धी भरलेली आहे. अब्बा पुन्हा पुढे जाऊ लागले, तेही मला मुलानेच सांगितलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र ते परत दारापाशी दिसायला लागले. मी घाबरून कुर्ता ओला करून हुंगला, नणंदेलाही हुंगायला लावला. काही नाही. अब्बा म्हणाले, "अगं, तिथं खरंच हवा छान लागते."