बारामती–इंदापूर रस्त्यावरील थांबलेला पंखा

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे मागे टाकीत तो इंदापुरात पोहोचतो. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने जाते आणि बेलवाडीच्या माळावर गोल रिंगण होते. एके काळी हा सारा टापू दुष्काळी होता. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. मार्चच्या आरंभी गळीत हंगाम सरत आलेला असतो. उरलासुरला ऊस कारखान्यावर पोहोचविण्याची घाई असते. अशा दिवसांत या रस्त्याचा वेग मोटार ठरवीत नाही, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ठरवितो.

अशाच एका दुपारी चारच्या सुमारास बारामतीचे एक गृहस्थ आपल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना घेऊन इंदापूरला निघाले. वडिलांची थोरली बहीण तेथे राहते. वय अठ्ठ्याऐंशी. भाऊ येणार म्हणून तिने स्वयंपाक करवून ठेवला होता. सूर्यास्तानंतर ती अन्न घेत नाही, आणि भाऊ आल्यावाचून त्या दिवशी ताटावर बसणार नाही, हेही सर्वांना ठाऊक होते. सूर्यास्त साडेसहाच्या थोडा पुढे. वेळ पुरेसा होता, पण त्यात बिघाडासाठी राखीव निधी फारसा नव्हता.

सणसरजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगू लागली आणि तापमानाचा काटा वर चढला. एअर कंडिशनरमधून कोमट वारा येऊ लागला. ट्रॉल्या ओलांडून मोकळा रस्ता मिळताच काटा खाली उतरला. बेलवाडीत पुन्हा तेच. मागील दोन महिन्यांत याच तक्रारीवर कुलंट बदलून झाले होते, थर्मोस्टॅटही नवा बसला होता. खर्चाची बाजू भरत गेली, जमेची कोरीच राहिली. वस्तुतः काट्याची ही ये-जा स्वतःच बोलत होती. गाडी वेगात असता समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. वेग मंदावला की ते काम पंख्याला करावे लागते. तेव्हा गाडी सावकाश चालताना तापते आणि धावताना निवते, तर संशय प्रथम पंख्यावरच घ्यावयास हवा.

काटा फार वर गेल्यास एअर कंडिशनर बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, म्हणजे इंजिनातील काही उष्णता आत ओढली जाते, असा एक उपाय आहे. परंतु चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला मार्चच्या उन्हात हीटरसमोर बसविणार कसे? चिरंजीवांनी जंक्शनपाशी लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवून एअर कंडिशनर लावला आणि बॉनेट उघडले. एअर कंडिशनर लावताच बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागतो. येथे तो निश्चल होता.

“इंजिन चालू असताना पंखा थांबेलच कसा?” वडिलांनी विचारले. त्यांचा प्रश्न त्यांच्या काळापुरता बिनतोड होता. त्यांनी आयुष्यभर प्रीमिअर पद्मिनी चालविली. तिचा पंखा पट्ट्यावर इंजिनाबरोबरच फिरे. जंक्शनपासून जवळच वालचंदनगर आहे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत हात घालणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. इंदापूर तालुक्यातील त्यांच्या नावाच्या या वसाहतीजवळ पद्मिनीची आठवण निघणे स्वाभाविकच होते. पुढे १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसविलेले. आडव्या इंजिनाचा पट्टा समोरच्या रेडिएटरपाशी पंखा फिरविण्यास सोयीचा नसतो, म्हणून पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर मिळाली, आणि तिच्याबरोबर फ्यूज, रिले, तारा आणि त्यांची दुखणीही आली.

रस्त्याकडेला गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा एक तरुण होता. प्रथम त्याने बजावले, “काका, रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, अंगावर उसळंल.” इंजिन बंद करून त्याने फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग शेजारचा त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी बसविला. टक् असा आवाज आला, पंखा मात्र हलला नाही. त्याने पंख्याचा प्लग सोडवून दोन तारांनी मोटर थेट बॅटरीला जोडली. पंखा घूं करून फिरला. वडील गाडीतून उतरून जवळ येऊन उभे राहिले.

मोटर ठीक, रिले ठीक. मग वीज अडते कोठे? त्याच्याजवळ तपासणीचे महागडे यंत्र नव्हते. बारा व्होल्टचा एक दिवा आणि त्याला दोन तारा, एवढेच. एअर कंडिशनर लावून दिव्याची एक तार प्लगमधील धन टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. दिवा लख्ख पेटला. दुसरी तार तेथून काढून प्लगमधीलच ऋण टोकाला लावली, तेव्हा तो पेटेना. म्हणजे वीज पंख्यापर्यंत येत होती, तिला परतीची वाट नव्हती. ती परतीची तार हेडलाइटमागे पत्र्याला बोल्टने आवळलेली होती. बोल्ट सोडला तर खाली हिरवट-पांढरा थर. अनेक पावसाळ्यांचा चिखल आणि धुलाईचे पाणी तेथे मुरले होते. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, तारेला नवे टोक बसविले, वर ग्रीसचा लेप दिला.

“दीडशे द्या,” तो म्हणाला. वडिलांनी आपल्या खिशातून दोनशे काढले आणि सुटे परत घेतले नाहीत. मुलाला ते क्वचितच असे पैसे देऊ देत नसत, त्या दिवशी मात्र स्वतः दिले.

बारामती ते इंदापूर या वाटेवर पंचर काढणारे, ट्रॅक्टरचे बेअरिंग बदलणारे, वायरिंग करणारे असे असंख्य हात बसलेले आहेत. ऊस आला, त्याबरोबर ट्रॅक्टर आले आणि त्यांच्या मागोमाग हे कसबही येथे रुजले. थोरल्या शोरूममध्ये भाग बदलतात. येथे, भाग महाग म्हणून, आधी कारण शोधतात.

गाडी निघाली तेव्हा पाच वाजून पन्नास मिनिटे झाली होती. निमगाव केतकीच्या गर्दीत ती पुन्हा अडली. काटा मध्याच्या किंचित वर गेला, पंखा सुरू झाल्याची घरघर ऐकू आली, आणि काटा जागेवर परतला. वडील खिडकीची काच खाली करून तो आवाज ऐकत होते.

इंदापुरात पोहोचले तेव्हा सहा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, पाट मांडलेले होते. “उशीर केलास,” एवढेच त्या भावाला म्हणाल्या आणि सुनेला ताटे वाढावयास सांगितले.